वजीफा, पिंचणी, पेन्शन

आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी एक उर्दू कागद होता. घडीवर फाटलेला, मागून कापडाची पट्टी चिकटवलेला. घरात त्याला ‘वजीफ्याचा कागद’ म्हणत. हैदराबाद संस्थानात पेन्शनला वजीफा म्हणायचे आणि पेन्शनराला वजीफायाब. आजोबा बीदर जिल्ह्यात भालकीकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. आजीला उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं, पण कागदात काय लिहिलंय ते तिला तोंडपाठ होतं. महिन्याला किती, निजामाच्या हाली रुपयांत की इंग्रजांच्या कलदारात (7 हाली म्हणजे 6 कलदार), सगळं. उर्दू वाचणारे गल्लीत चौघे होते आणि चौघांनीही एकच अर्थ सांगितला होता.

1 नोव्हेंबर 1956 ला जुन्या बीदर जिल्ह्याची तीन राज्यांत वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात (आता महाराष्ट्र) गेले, नारायणखेड आणि जहीराबादचा भाग आंध्रात. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आले. काल एका कचेरीत बसणारे कारकून आज वेगवेगळ्या सरकारांचे नोकर झाले. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 115 ने त्यांना आधार दिला. केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय त्यांच्या नोकरीच्या अटी त्यांच्या तोट्यात बदलायच्या नाहीत, असं त्यात आहे. हक्क शाबूत राहिला. कानडी कागदावर वजीफ्याची ‘पिंचणी’ झाली, आमच्या तोंडी ‘पेन्शन’. पण अर्थ सांगणारे ते चौघे पुढच्या पिढीला मिळाले नाहीत.

आमच्याकडे मराठी पेपर येतो तो लातूर-सोलापूरकडचा. त्यातल्या पेन्शनच्या बातम्या आम्ही आपल्या भाषेत, आपल्या समजून वाचतो, आणि त्या असतात महाराष्ट्र सरकारच्या. आम्हाला लागू असलेला आदेश बंगळुरूहून कानडीत निघतो. जे वाचता येतं ते लागू नाही आणि जे लागू आहे ते नीट वाचता येत नाही. गेल्या सत्तर वर्षांतली आमची सगळी फसगत या एका गाठीत आहे, असं मला वाटतं.

उदाहरणं हवी तेवढी आहेत. नवी पेन्शन योजना महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून नोकरीला लागलेल्यांना लागू झाली, कर्नाटकात 1 एप्रिल 2006 पासून. म्हणजे डिसेंबर 2005 मध्ये उदगीरला रुजू झालेला शिक्षक नव्या योजनेत, आणि त्याच महिन्यात भालकीला रुजू झालेला जुन्या. महाराष्ट्रात बहुतेक सरकारी कर्मचारी 58 ला निवृत्त होतात. कर्नाटकात 2008 पासून वय 60 आहे. ‘सातवा वेतन आयोग’ हे शब्द तर दोन्हीकडे तेच. महाराष्ट्राने केंद्राचा सातवा आयोग 1 जानेवारी 2016 पासून धरून 2019 मध्ये लागू केला. कर्नाटकचा सातवा म्हणजे राज्याचा स्वतःचा आयोग, तो लागू झाला 1 ऑगस्ट 2024 ला. ‘तिकडं मिळालं, आमचं का अडवलं?’ म्हणून भांडायला गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा राग खरा होता, हातातलं कात्रण मात्र दुसऱ्या राज्याचं होतं.

सरकारी नोकराला निदान संघटना असते. खाजगी नोकरीतल्या फंडवाल्याला बहुतेकदा तीही नसते, आणि इथे आमच्या घराचंच नुकसान झालं. मामा पुण्याजवळ भोसरीत एका कारखान्यात सहा वर्षं होते, मग दुसऱ्या ठिकाणी पाच वर्षं. पहिली नोकरी सुटली तेव्हा चहाच्या टपरीवरचा एजंट म्हणाला, ‘फंड काढून घ्या, नाहीतर बुडतो.’ मामांनी दोन फॉर्मवर सह्या केल्या. एक 19 नंबरचा, फंडाचा. दुसरा 10-सी, पेन्शनचा. त्याच 10-सी वर पैसे न घेता योजनेचं प्रमाणपत्र मागता येतं आणि आधीची वर्षं पुढच्या नोकरीत धरली जातात, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. कर्मचारी पेन्शन योजना 16 नोव्हेंबर 1995 ला आली. तिचा हिशोब साधा आहे: पगार गुणिले वर्षं, भागिले 70. पण किमान दहा वर्षं लागतात. सहा आणि पाच मिळून अकरा झाली असती. तेव्हाच्या 6,500 च्या पगारमर्यादेने धरलं तरी महिन्याला हजार रुपये, 58 व्या वर्षापासून हयातभर, आणि मागे मामीला. हातात आलेली रक्कम त्याच वर्षी घराच्या पत्र्यांवर खर्च झाली. मामी अजून म्हणतात, ‘पत्रे तरी आले.’ मला ते ऐकवत नाही.

हा नियम केंद्राचा, तो पुण्यात आणि कलबुर्गीत सारखाच. सीमा इथे आडवी येतच नव्हती. अडलं ते एवढ्यावरच, की विचारायचं कुणाला.

आता काही गोष्टी सुधारल्या आहेत. 2014 पासून फंडाच्या खात्याला यूएएन आला, नोकरी बदलली तरी नंबर एकच. हयातीचा दाखला मोबाइलवर देता येतो. 2017 च्या ऑक्टोबरात बीदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली, त्यामुळे कलबुर्गीच्या फंड ऑफिसला जाणं सोपं झालं. जानेवारी 2023 पासून दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात फंड ऑफिसचं ‘निधी आपके निकट’ शिबिर भरतं. तिथे समोर माणूस बसलेला असतो, मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. आणि घटनेच्या कलम 350 प्रमाणे, राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत आपलं गाऱ्हाणं मांडायचा हक्क आहे. मराठीतला अर्ज परत करायचा नाही. मी अर्ज मराठीतच देतो आणि पोच मागून घेतो.

भालकीत एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांच्याकडे जाड पुठ्ठ्याचं हजेरीपुस्तक आहे, त्यात मधोमध उभी रेघ. डाव्या बाजूला निळ्या शाईत ‘इकडचं’, उजव्या बाजूला लाल शाईत ‘तिकडचं’. प्रत्येक कात्रणाखाली आदेशाची तारीख. तारीख सापडली नाही तर कात्रण डकवत नाहीत, नुसतं पानात ठेवून देतात. परवा शेजारचा मुलगा मोबाइल घेऊन आला, निवृत्तीचं वय वाढल्याचा मेसेज दाखवायला. गुरुजींनी चष्मा पुसला, मोबाइल हातातही घेतला नाही, आणि विचारलं, ‘कोणत्या सरकारचं हाय बाबा ते?’