दुबई ते गोवा : विमानाचे तास आणि घड्याळाचे तास

संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले, ते ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. वाटेत मोझांबिक येथे त्यांना कित्येक महिने खोळंबावे लागले. आज आमच्या घरोघरची मुले आखाती देशांत चाकरीस आहेत, आणि दुबईहून सरळ येणारे विमान सव्वातीन तासांच्या आसपास दाबोळीच्या धावपट्टीवर उतरते. असे असूनही घरात मृत्यू घडला की पहिला प्रश्न तोच उठतो : मुलगा दफनविधीस पोहोचेल काय?

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा चुकते, कारण अंतर एक आणि वेळ दुसरी. दुबई व दाबोळी यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे २,२०० किलोमीटर. हे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले लघुतम अंतर होय. विमान मात्र ठरवून दिलेल्या आकाशमार्गांनीच जाते. म्हणून त्याची वाट थोडी लांबते. शिवाय वेळापत्रकात दिलेला वेळ केवळ उडण्याचा नसतो. विमान जागचे हलल्यापासून उतरून पुन्हा थांबेपर्यंतचा सारा काळ त्यात धरलेला असतो.

खरा गोंधळ घड्याळाचा. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तेथून रात्री १० वाजता निघालेले विमान येथे उतरते तेव्हा पहाटेचे पावणेतीन वाजलेले असतात. तिकिटावर पाहावे तर पावणेपाच तासांचा प्रवास दिसतो! परतीस याच्या उलट. पहाटे ४ वाजता येथून निघालेला माणूस तेथील ६ च्या सुमारास पोहोचतो, आणि घरच्यांना वाटते की दोनच तास लागले. वस्तुतः जाताना वेळ किंचित अधिकच लागतो. उंचावरील वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात, ते येताना पाठीशी असतात आणि जाताना तोंडावर.

आता हिशेब मांडू. तिकीट मिळालेला मुलगा सकाळी १० वाजता खोलीतून निघाला. तासाभराने विमानतळ, तेथे तीन तास आधी हजेरी, दुपारी २ वाजता उड्डाण. दाबोळीस उतरताना आपल्याकडे संध्याकाळचे पावणेसात होतात. पारपत्राची तपासणी आणि सामान यांत तास जातो, पुढे रस्त्याचा तास. घरी पोहोचण्यास रात्रीचे पावणेनऊ. मुंबईत विमान बदलावे लागले तर दुसरा दिवस उजाडला म्हणून समजावे. आणि आपण मात्र धर्मगुरूंना सांगून बसतो, "फादर, चार वाजता ठेवूया, पोर तीन तासांत येतो!"

देह रात्रभर ठेवू नये असा आग्रह काही वडीलधारी धरतात. त्यांच्या भावनेचा मान राखूनही आम्हांस वाटते की, शवागाराची सोय असता आईचे मुख एकदा पाहण्यासाठी धावत येणाऱ्या लेकरास एक रात्र द्यावी, आणि मिस्सा दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवावी.

आणखी एक गोष्ट. २०२३ च्या जानेवारीपासून गोव्यात मोपा येथील दुसऱ्या विमानतळावरूनही विमाने सुटू लागली. सावंतवाडीकडच्या माणसास ते जवळचे. मडगावच्या माणसास दाबोळी सोयीचे. तेव्हा मध्यरात्री गाडी धाडण्यापूर्वी तिकिटावर कोणते नाव आहे ते मुलास विचारून घ्यावे. केवळ "गोवा" एवढ्यावर विसंबू नये.