पेन क्लिनिकमधला दिवस

सकाळी ७.००
फोनवर काल रात्रीच्या नोंदी येऊन पडलेल्या असतात. दुखणं आणि मन यांच्यावरच्या आमच्या अभ्यासात सहभागी असलेले रुग्ण रोज तीन गोष्टी कळवतात: दुखणं शून्य ते दहापैकी किती, मन कसं आहे, आज काय काय झालं हातून. महिन्याचं एकदम विचारलं तर सर्वांत वाईट दिवस आणि शेवटचे चार दिवसच आठवतात. म्हणून रोजचं रोज विचारायचं. दुखण्याने मन खचतं आणि खचलेल्या मनाने दुखणं वाढतं. कोणाच्या बाबतीत आधी काय होतं, ते या नोंदींतून पाहायचं असतं.

सकाळी ९.००
ओपीडी सुरू. भूलतज्ज्ञ तपासतात, मी, मानसतज्ज्ञ, शेजारच्या टेबलावर. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं घेऊन माणसं इथे येतात, हातात एमआरआयच्या पिशव्या. चार घरी पोळ्या करणाऱ्या एका मावशींची मान आणि खांदा दोन वर्षं दुखतोय.
“सगळे रिपोर्ट नॉर्मल. घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा आहे हिला.”
“मावशी, तुम्हाला दुखतंय म्हणजे दुखतंय. फोटोत दिसो न दिसो.”
हे मी केवळ धीर द्यायला म्हणत नाही. वेदनेची आंतरराष्ट्रीय व्याख्या २०२० मध्ये सुधारली गेली. वेदना हा संवेदनेइतकाच भावनेचाही अनुभव आहे, असं ती मानते. माणूस दुखतं म्हणाला तर त्याचा मान राखावा, असंही तिच्यासोबतच्या टिपणात म्हटलं आहे.

सकाळी १०.३०
संमतीपत्र वाचून दाखवते, मग प्रश्नावल्या. नैराश्यासाठी पीएचक्यू-९: नऊ प्रश्न, शून्य ते सत्तावीस गुण. इथे जपून राहावं लागतं. झोप लागत नाही, थकवा येतो, भूक नाही, ही नैराश्याची लक्षणं. पण नुसत्या दुखण्यानेही हेच होतं. म्हणून आकड्यावर न थांबता विचारते, “रात्री जाग कशाने येते? कुशीवर वळताना, की विचारांनी?”
नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे ‘हो’ आलं की संशोधन बाजूला. त्या माणसाला मी स्वतः मानसोपचार विभागात घेऊन जाते, त्याच दिवशी. सोबत टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून देते.

दुपारी २.००
गटाचं सत्र. फळ्यावर मणका काढून मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेला विचार समजावते: शरीराकडून आलेला संदेश मज्जारज्जूत फाटकाशी अडतो किंवा सुटतो, आणि वरून मेंदूचंही त्या फाटकावर नियंत्रण असतं. भीती, काळजी, एकटेपण यांनी ते जास्त उघडतं.
मग रोजचा प्रश्न. बरं वाटलं त्या दिवशी सगळी कामं उरकायची आणि पुढचे दोन दिवस अंथरुणावर, हे जवळजवळ सगळ्यांचंच. त्यावर उपाय घड्याळाचा: पंधरा मिनिटं काम, मग विश्रांती, दुखायला लागायची वाट न पाहता. दुसरं टोक हालचालीच्या धास्तीचं. खाली वाकायचंच सोडलं की पाठ आखडते, ताकद जाते आणि धास्ती खरी वाटू लागते. निवृत्त एसटी चालक असलेले एक काका म्हणतात, “मला नातवाला शाळेत सोडायला जायचंय.” त्यांच्या आठवड्याचं उद्दिष्ट ठरतं: गल्लीच्या टोकापर्यंत.

दुपारी ४.००
संगणकासमोर. नोंदींतल्या रिकाम्या जागा मोजते. ज्यांचं दुखणं वाढलं, ज्यांची मजुरी बुडते, बसला पैसे नाहीत, तेच पुढच्या तपासणीला येत नाहीत. त्यांना वगळून हिशेब केला तर उपचार आहे त्याहून गुणकारी दिसेल. म्हणून न आलेल्या प्रत्येकाला फोन.

संध्याकाळी ६.००
सहा महिन्यांच्या नोंदी पडताळते. एका ताईंचं दुखणं सातावरून सहावर आलंय, एवढंच. पण स्वास्थ्याच्या पाच प्रश्नांचे गुण दुपटीने वाढलेत: झोप लागते, भिशीला जातात, शिवणयंत्र पुन्हा सुरू झालंय. नुसता वेदनेचा आकडा पाहिला तर हा उपचार फसला म्हणावं लागेल. अहवालात मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिते. सोबत शिफारस: प्रत्येक जिल्हा रुग्णालयात दुखण्यावरच्या औषधांसोबत मानसतज्ज्ञही हवा, आणि तोही पहिल्या भेटीपासून. सगळे उपाय थकल्यावर मनाकडे वळायचं, तोवर माणसाची बरीच वर्षं गेलेली असतात.