अयोध्येचा गाणारा राजा आणि कागलचे साहेबमामा

बोलपटाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर गाणाऱ्याचा चेहरा आणि त्याचं गाणं एका जागी नसतात. पडद्यावर ओठ हलतात तेव्हा ऐकू येणारा सूर फिल्मवर त्या चेहऱ्याच्या २० चौकटी पुढे छापलेला असतो. हे अंतर भरतं सुमारे ३८ सेंटिमीटर. सेकंदाला २४ चौकटी या वेगाने पाऊण सेकंदाहून थोडं जास्त.

हे असं का, ते कळलं की थक्क व्हायला होतं. चित्र नीट दिसायचं तर प्रत्येक चौकट भिंगामागे क्षणभर अगदी स्थिर थांबायला हवी. सूर नीट ऐकू यायचा तर फिल्म कुठेही न थांबता, न हिसकता सरकायला हवी. एकच फिल्म एकाच वेळी थांबणार आणि वाहणार कशी? म्हणून भिंगापाशी ती झटक्याझटक्याने पुढे नेतात, मग सैल वेटोळं सोडून ते झटके जिरवतात आणि जड फिरत्या चाकावरून तिला संथपणे एका बारीक उजेडासमोरून नेतात. फिल्मच्या कडेला जेमतेम अडीच मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत आवाज रेघांच्या रूपात उमटलेला असतो. उजेड त्यातून कमीजास्त होत पलीकडे जातो आणि त्या कमीजास्त होण्याचंच पुन्हा गाणं होतं.

कागल पंचतारांकित एमआयडीसीत मशिनवर जॉब लावणाऱ्या माणसाला हे कोडं परकं वाटणार नाही. ठरल्या कोनात नेमकं थांबणारं इंडेक्सिंग टेबल आणि एका लयीत फिरत राहणारा स्पिंडल, दोन्ही त्याच्या रोजच्या हाताखालचे. म्हणूनच ही गोष्ट त्या वसाहतीत सांगावीशी वाटते. शिवाय या गोष्टीतला एक मोठा माणूस कागलचाच.

शेख फत्तेलाल, म्हणजे चित्रपटसृष्टीचे साहेबमामा, १८८६ मध्ये कागलला जन्मले. कोल्हापुरात ते बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झाले. बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवायचे. सिनेमाने दोघांना इतकं झपाटलं की त्यांनी स्वतःचा कॅमेरा करायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरलं आणि १९१८ च्या सुमाराला कॅमेरा चालू केला. फिल्मच्या भोकात शिरून तिला एक चौकट खाली ओढणारा, मग बाहेर येऊन पुन्हा वर जाणारा पंजा त्यात किती अचूक बसवावा लागला असेल! तो केसभर जरी चुकला तरी पडद्यावरचं चित्र थरथरतं. आणि हे करणारे हात मुळात कुंचला धरणारे. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल देणाऱ्यांत गायिका तानीबाई कागलकर होत्या. कोल्हापूरच्या सिनेमाच्या मुळाशी एका गाणाऱ्या बाईचा पैसा आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांसह कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. पहिले चित्रपट मूकच. मग १९३१ मध्ये मुंबईत ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला आणि सगळ्यांनाच आवाज शिकणं भाग पडलं.

त्या शिकण्याची सगळ्यांत गाजलेली कथा हॉलीवूडने सांगितली, ‘सिंगिन इन द रेन’मध्ये. १९५२ चा हा एमजीएमचा संगीतपट. जीन केली आणि स्टॅन्ली डोनन यांचं दिग्दर्शन, बेटी कॉम्डेन आणि अॅडॉल्फ ग्रीन यांचं लेखन, आर्थर फ्रीडची निर्मिती. त्यात १९२७ चा स्टुडिओ पहिला बोलपट करायला बसतो. माईक झुडपात लपवावा, तर नायिका बोलताना मान वळवते आणि निम्मे शब्द हवेत विरतात. माईक तिच्या अंगावर लावावा, तर काळजाची धडधड ऐकू येते. प्रेक्षक पोट धरून हसतात, पण हा विनोद खऱ्या त्रासातून आलेला आहे.

तोच त्रास कोल्हापूरने प्रत्यक्ष सोसला. ‘अयोध्येचा राजा’ ६ फेब्रुवारी १९३२ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. मराठीतला पहिला बोलपट. दिग्दर्शन शांतारामबापूंचं, कॅमेरा धायबरांचा, कला फत्तेलालांची, ध्वनी दामल्यांचा. १९१८ च्या कॅमेऱ्यावर राबलेले दामलेच आता कानाला यंत्र लावून बसले होते. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे. ते कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे, हार्मोनियमचे उस्ताद, ‘मानापमान’चे संगीतकार. या बोलपटाचं संगीतही त्यांचंच. तारामती झाल्या दुर्गा खोटे.

तेव्हा गाणं आधी रेकॉर्ड करून ठेवायची सोय आपल्याकडे नव्हती. राजा जिथे उभा राहून गाणार, तिथेच साथीदारांनी वाजवायचं, पण चौकटीत दिसायचं नाही. त्यांना फार लांबही बसता येत नाही, नाहीतर तबला विरतो. फार जवळ बसले तर गळा झाकला जातो. आवाजांचा तोल साधायचा तो माणसांच्या बसण्याच्या अंतराने. कॅमेऱ्याची घरघर माईकपर्यंत पोचू द्यायची नाही. मूकपटात हाताने फिरवताना वेग थोडा हलला तर चालून जायचं. आता वेग डगमगला की सूरच ढळतो. शेवटच्या ओळीला कुणी खोकलं तर राजाने पुन्हा पहिल्यापासून गायचं.

आणि हे सगळं दोनदा, कारण ‘अयोध्या का राजा’ हा हिंदी अवतारही सोबतच घडत होता.

फत्तेलालांच्या बाजूचा विचार फार कमी केला जातो. रंगवलेल्या सपाट पडद्यांऐवजी उभे, भरीव सेट हे कोल्हापूरचं जुनं वैशिष्ट्य. पण बोलपटात भिंत नुसती दिसत नाही, ती आवाज परतवते. मोठा दरबार उभारला की तो घुमण्याची धास्ती. डोळ्यांसाठी घडवलेला राजवाडा आता कानांनाही पटायला हवा होता.

पुढे चित्रण होतानाच गाण्याची ही अडचणच बाजूला सारली गेली. हॉलीवूडमध्ये १९२९ च्या ‘ब्रॉडवे मेलडी’त एक नाच पुन्हा चित्रित करताना आधीचंच ध्वनिमुद्रण वाजवलं गेलं; आपल्याकडे कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ मध्ये पार्श्वगायन रुळवलं. त्यामुळे कॅमेरा मोकळा झाला, केली पावसात नाचू शकला. त्या बदल्यात चेहरा आणि गळा वेगळे झाले. ‘सिंगिन इन द रेन’च्या कथेत डेबी रेनॉल्ड्सची नायिका जीन हेगनच्या पात्राला आवाज देते. प्रत्यक्षात मात्र तिथल्या संवादांना आवाज हेगनचा स्वतःचाच आहे आणि गाणं बेटी नॉयेसने गायलंय!

‘अयोध्येचा राजा’त तसं काही नाही. टेंब्यांचा जो श्वास दिसतो तोच ऐकू येतो. ‘आलम आरा’ची फिल्म काळाने गिळली, हा चित्रपट मात्र आजही पाहता येतो. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली, आणि तिथे दामले-फत्तेलाल जोडीने दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तो सगळ्यांना ठाऊक असतो. माझी इच्छा इतकीच, की पंचतारांकित वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याने साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कामगारांना, त्यांच्या मुलाबाळांना ‘अयोध्येचा राजा’ दाखवावा आणि तो सुरू होण्याआधी साहेबमामा आपल्या कागलचे, हे माईकवरून ठणकावून सांगावं.