छोटी मोटार लिटरला किती धावते?

घरी मोटार घ्यायची म्हटली, की पहिला प्रश्न हाच! १९८३ ते २०१४ या काळात बनलेली मारुती ८०० पाहा. तिचे ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन पुढे आडवे बसवलेले असून ते पुढचीच चाके फिरवते. मागच्या चाकांपर्यंत लांब दांडा लागत नाही; वजन घटते. हलकी गाडी वेगात आणायला ऊर्जा कमी लागते. मात्र वेग दुप्पट झाला, की हवेचा विरोध सुमारे चौपट होतो. म्हणजे पेट्रोलचा खर्च चालवणाऱ्याच्याही हाती असतो.

पडताळा घ्या. टाकी पूर्ण भरून किलोमीटर नोंदवा. काही दिवसांनी ती पुन्हा पूर्ण भरा. मधल्या किलोमीटरांना या वेळच्या लिटरांनी भागा. भागाकार घटू लागला, तर आधी टायरमधली हवा तपासा!