जुळी एकदम आजारी पडली तर

चेन्नईत आमची दोन वर्षांची जुळी नातवंडं एकदमच आजारी पडतात: नातवाला जुलाब, नातीला ताप-खोकला. अशा वेळी गोंधळ होतो तो कुणाला, किती वाजता, काय दिलं याचा. फौजेत ड्यूटी बदलताना नोंदवही सोपवतात. घरीही तेच करा. प्रत्येक मुलाचा कागद वेगळा: वजन, औषध, वेळ, लघवी. वजनं वेगळी, म्हणून तापाच्या औषधाचा डोसही वेगळा. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. उरलेलं २४ तासांनी टाकून द्या. आणि रडणाऱ्याच्या आधी मलूल, गप्प पडलेल्या मुलाकडे बघा. पाणी पीत नसेल, झटका आला किंवा शांत असतानाही श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त असेल, तर थेट रुग्णालय गाठा. गाडी नसेल तर १०८ लावा. चेन्नईत एग्मोरला सरकारी बालरुग्णालय आहे. निघताना दोन्ही कागद सोबत घ्या.