शासकीय नोकरी, ठेका आणि पूर्वीची शिक्षा

शेताच्या बांधावरून हाणामारी होते, खटला उभा राहतो आणि एखाद्या तरुणास शिक्षा होते. पुढे शासकीय नोकरीची संधी आली की, खरे सांगितल्यास दार कायमचे बंद होईल, या भीतीने तो ती शिक्षा दडवितो. बहुधा हेच दडविणे त्याला अधिक बाधते.

नियुक्तीपूर्वी उमेदवारास साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो. अटक, खटला व शिक्षा यांविषयी त्यात विचारणा असते आणि पोलिसांमार्फत उत्तरांची पडताळणी होते. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली याबाबतची तत्त्वे स्पष्ट केली. माहिती खरी असली पाहिजे. दडविलेला गुन्हा अगदी किरकोळ असल्यास नियुक्ती प्राधिकाऱ्यास ती चूक पोटात घालता येते. तसा नसल्यास निवड रद्द करता येते. शिक्षा प्रामाणिकपणे कळविली तरी नियुक्ती मिळेलच असे नाही, कारण पूर्वचारित्र्य विचारात घेण्याचा अधिकार शासनास आहे. पद जितके वरचे, तितकी कसोटी कडक.

कायद्याने सुधारणेची वाटही ठेवली आहे. गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८ अन्वये न्यायालयाने ज्यास चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले, त्यास केवळ दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. मात्र मूळ वर्तनाचा विचार करण्यास शासन मोकळे असते. सेवेतील कर्मचाऱ्यास शिक्षा झाल्यास, संविधानाच्या अनुच्छेद ३११ नुसार त्या वर्तनाबद्दल नेहमीची विभागीय चौकशी न करताही बडतर्फ करता येते.

ठेक्यांबाबत केंद्र शासनाच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील नियम १५१ महत्त्वाचा आहे. शासकीय कंत्राटाचे काम करताना जीवित वा मालमत्तेची हानी केल्याबद्दल, अथवा लाचलुचपत प्रतिबंधक कायद्याखाली, जो दोषी ठरला असेल, त्यास जास्तीत जास्त तीन वर्षे निविदा भरण्यास मनाई करण्यात येते.

शाळा, रुग्णालय वा पोलीस ठाणे येथे येणाऱ्या दुर्बल माणसाचे रक्षण हा या निर्बंधांचा हेतू आहे. शिक्षा भोगलेल्यास जन्मभर उपाशी ठेवणे हा नव्हे. म्हणून अधिकाऱ्यांनी गुन्ह्याचे स्वरूप, त्यावेळचे वय व पदाचे काम पाहून सकारण निर्णय द्यावा. अर्ज भरण्यास साहाय्य करणाऱ्या शिक्षकांनीही उमेदवारास एकच सल्ला द्यावा : विचारले आहे ते खरे लिहा आणि निकालपत्राची प्रत सोबत जोडा.