हो, अलिबागसेच आया है!

वीकएण्डला अलिबाग? त्यात काय नवीन, असं म्हणाल. पण ज्या गावात आपलं घर होतं, त्याच गावात हॉटेलची रूम बुक करायची, गळ्यात कॅमेरा अडकवायचा आणि टूरिस्ट म्हणून फिरायचं... आम्ही फिरलो. दोन दिवस, एक रात्र.

“सॉरी सर, लोकल आयडी चालत नाही.”

रिसेप्शनवरचा मुलगा तसा नम्र होता. शनिवारची सकाळ, साडेआठची वेळ. आम्ही अंधारात उठून, गेटवेवरून पहिली लाँच पकडून, सीगल्सना चिप्स घालणाऱ्या पब्लिकमधून वाट काढत आलो होतो. आणि हा पठ्ठ्या माझ्या नवऱ्याचं आधार कार्ड परत करत होता, कारण त्यावरचा पत्ता होता मुक्काम पोस्ट अलिबाग. गावातल्या जोडप्यांना रूम द्यायची नाही, असा त्यांचा नियम. ‘का?’ हे विचारण्यात अर्थ नव्हता. कारण तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

“अहो, पण लग्न झालंय आमचं!” मी.

“मॅडम, मग घरी का नाही जात?” तो.

प्रश्न लाखमोलाचा होता. नवरा कार्डाकडे बघत उभा राहिला. शेवटी माझं आधार कामी आलं. त्यावर अजून माहेरचा डोंबिवलीचा पत्ता आहे. रजिस्टरमध्ये ‘कुठून आलात’ या रकान्यात मी ठसक्यात ‘मुंबई’ लिहिलं. डोंबिवली म्हणजे मुंबईच. वाद घालू नका.

आता थोडा फ्लॅशबॅक. लग्नाला तीन वर्षं झाली. पहिलं वर्षभर अलिबाग म्हणजे माझं सासर होतं. वाडी, सुपारीची झाडं, विहीर, ओटा आणि आजेसासूबाई. गणपती, दिवाळी, शिमगा, प्रत्येक सणाला आम्ही हजर. समुद्र घरापासून चालत सात मिनिटांवर, आणि मी तो पाहिला किती वेळा? दोनदा. बाकी वेळ मी तांदळाची भाकरी गोल का येत नाही, या संशोधनात. मग आजी गेल्या, चुलत्यांच्या वाटण्या झाल्या, घर विकलं गेलं आणि सासू-सासरे पनवेलला दिरांकडे राहायला गेले. त्यानंतर दोन वर्षं नवऱ्याने अलिबागचं नाव काढलं नाही. ऑफिसचं आउटिंग मांडव्याला ठरलं तेव्हा याला नेमका ताप आला.

यंदा फेब्रुवारीत मीच हट्ट धरला. मला ते गाव बघायचं होतं. त्याची सून म्हणून नाही, नुसतंच. तो म्हणाला, “माझ्याच गावात राहण्याचे पैसे भरायचे?” मी म्हटलं, “हो. ब्रेकफास्ट इन्क्लुडेड आहे.”

एक अट मात्र त्याने घातली. कुणाला कळवायचं नाही. कोकणातल्या मंडळींना सांगायला नको, गावात येऊन हॉटेलात उतरणं म्हणजे नातेवाइकांच्या थेट थोबाडीत मारणं. काकू, आत्या, मावशी, शाळेतले दोस्त, सगळे गावातच. त्यामुळे साहेब दोन्ही दिवस टोपी आणि गॉगल घालून. हनिमूनला निघालेल्या फिल्मस्टारसारखे!

सात जोडपी आणि एक ट्राम

“अलिबागसे आया है क्या?” हे वाक्य मुंबईत ऐकलं नाही असा माणूस विरळा. म्हणजे बावळट, येडा, कुठलंच काही न कळणारा. नवऱ्याने कॉलेजपासून ऐकलंय, आणि तो खरंच अलिबागचा असल्याने उत्तर काय द्यायचं हा पेच. २०१९मध्ये एका अलिबागकराने या वाक्यावर बंदी आणा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. न्यायालयाने ती फेटाळली. विनोद काय, सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर. नवरा म्हणतो, न्यायमूर्तींना कॉलेजच्या कॅण्टीनमध्ये बसवायला हवं होतं.

तर या ‘येड्यांच्या’ गावात आम्ही पायी निघालो, आणि पहिल्याच तासात माझी विकेट गेली. बाजारातून आत वळलं की इस्राएल आळी लागते. पाटीवर तेच नाव. इथे बेने इस्राएली समाजाचं मॅगेन अबोथ हे प्रार्थनास्थळ आहे, १८४८ साली बांधलेलं. या समाजात सांगतात की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज इथे फुटलं आणि वाचली फक्त सात जोडपी. ती लागली नवगावच्या किनाऱ्याला, अलिबागपासून अगदी जवळ. मग ही मंडळी कोकणात तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी मात्र घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे. आडनावं कशी? पेणकर, रोहेकर, किहीमकर. घरात बोलायला मराठी. १९४८नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले, आणि तिथे जाऊन काढलं काय, तर ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक! अलिबागमध्ये आता मोजकीच घरं उरली आहेत. आणि ‘अलिबाग’ हे नाव? अली नावाच्या एका श्रीमंत माणसाच्या इथे बागा होत्या, विहिरी होत्या. तोही याच समाजातला, असं बरेच जण सांगतात.

आम्ही गेलो तो नेमका शनिवार. त्यामुळे आत न जाता, कॅमेरा पिशवीत ठेवून, समोरच्या बाजूला उभे राहून बघितलं. नवरा म्हणाला, “रोज शाळेत जाताना इथून जायचो. कधी थांबलो नाही.”

पुढचं गाव बघायला मिनीडोर ठरवली. शेअर रिक्षाचा हा मोठा भाऊ, अलिबागची लाइफलाइन. ड्रायव्हरदादा भलतेच बोलके. कान्होजी आंग्र्यांची समाधी दाखवली. गावातच आहे, आणि बीचवर पळणाऱ्या नव्वद टक्के पब्लिकला ती माहीतही नसते. ज्या माणसाने इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी या तिघांनाही समुद्रावर पळता भुई थोडी केली, तो १७२९मध्ये गेला आणि इथे आहे. मुंबईत नौदलाचा ‘आयएनएस आंग्रे’ हा तळ त्याच्याच नावाचा. तिथे आम्ही दहा मिनिटं होतो. तिसरं कुणी नव्हतं.

मग समुद्राजवळची वेधशाळा. ड्रायव्हरदादा म्हणाले, “इथे पावसाचा अंदाज काढतात.”

झालं! टोपी-गॉगलवाल्याच्या आतला अलिबागकर जागा झाला.

“पावसाचा नाही हो दादा, चुंबकाचा!”

आणि सुटला. ही चुंबकीय वेधशाळा मूळची मुंबईच्या कुलाब्याची. पृथ्वीचं चुंबकत्व किती, ते कसं बदलतं, याच्या नोंदी तिथे १८४०च्या दशकापासून ठेवल्या जात. १८५९च्या सप्टेंबरमध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकी वादळाची जगातली एक मोलाची नोंद कुलाब्यातली आहे. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या तारा आल्या की चुंबकाची सुई बिथरणार. त्या वेळचे संचालक नानाभाई मूस. त्यांच्या काळात वेधशाळेने शांत जागा शोधली ती अलिबागची. १९०४ला इथे काम सुरू झालं, आणि दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांचा मेळ बसावा. इमारतीत लोखंड वापरायचं नाही, म्हणून पोरबंदरी दगड आणि तांब्या-पितळेचं सामान. ट्राम मुंबईत १९०७ला धावली आणि १९६४ला बंदही झाली. सुई अजून अलिबागला आहे.

म्हणजे बघा, ज्यांना आपण येडे म्हणतो, त्यांच्या गावावर एवढं नाजूक काम सोपवलं होतं.

“दादा, तुम्ही गाइड आहात काय?” ड्रायव्हरने आरशातून बघत विचारलं.

“नाही, मुंबईचा,” नवरा म्हणाला, आणि गॉगल नीट केला.

निळे पत्रे

परतीच्या वाटेवर दादांनी एका वळणावर मिनीडोर हळू केली. “हे बघा, इथे नवीन प्रोजेक्ट येतोय. सी व्ह्यू. आधी जुनी वाडी होती कुणाची तरी. मुंबईवाले धडाधड बुकिंग करतायत. आता काय, रो-रो आहे, अटल सेतू आहे, गाडी घेऊन थेट दारात.”

निळे पत्रे ठोकलेले. आतून जेसीबीचा आवाज. पत्र्यांच्या वर एकच सुपारीचं झाड दिसत होतं. मी नवऱ्याकडे बघितलं नाही. खरं सांगते, मला धीर झाला नाही.

“काय भाव चाललाय?” त्याने विचारलं.

दादांनी आकडा सांगितला. नवऱ्याने मान डोलावली, जसे आपण कुठल्याही साइटवर डोलावतो. मग बराच वेळ बोलला नाही. जेवताना म्हणाला, “विहीर बुजवली असणार.” मी म्हटलं, “असेल.” तो विषय तिथेच राहिला.

त्या रात्री पोपटी खाल्ली. हिवाळ्यात अलिबाग पट्ट्यात आलात आणि पोपटी न खाता गेलात, तर तुम्हाला माफी नाही. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मसाला लावलेलं चिकन, अंडी. तोंडही पाल्यानेच बंद. मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा एक थेंब नाही. एका खाणावळीने सकाळी सांगितलं तर संध्याकाळी लावून देतो म्हटलं होतं. नवऱ्याने पहिली शेंग सोलली, चाखली आणि जाहीर केलं, “ओवा कमी आहे.” म्हटलं चला, माणूस ठीक आहे.

तिथी गुणिले तीन

रविवारी सकाळी किल्ला. कुलाबा किल्ला समुद्रात आहे आणि ओहोटीला चालत जाता येतं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. ओहोटी कधी, ते कुणालाच माहीत नसतं. रिसेप्शनवर विचारलं तर तो म्हणाला, “गूगल करा.” नवऱ्याने बोटांवर हिशेब केला.

हा फंडा त्याच्या आजोबांचा, लिहून ठेवा. आजची तिथी घ्या, तिला तीनने गुणा, चारने भागा. येईल ती साधारण भरतीची वेळ. त्या दिवशी तृतीया होती. तीन त्रिक नऊ, भागिले चार, सव्वादोन. म्हणजे भरती दुपारी सव्वादोनला, आणि ओहोटी त्याच्या सहा तास आधी, सव्वाआठच्या सुमारास. सव्वासातला निघायचं आणि सव्वानऊच्या आत किनाऱ्याला परत. पण यातही मेख आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी लांबपर्यंत मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा ओहोटीलाही पाणी फारसं हटत नाही. मग घोडागाडी किंवा होडी. पावसाळ्यात हा प्रयोग नको. आणि किनाऱ्यावर एकदा विचारून घ्या, आमच्या आजोबांवर विसंबू नका.

ओल्या वाळूतून, शेवाळलेल्या खडकांवरून चपला हातात धरून चालत गेलो. शिवाजी महाराजांनी १६८०मध्ये याचं काम सुरू केलं, पुढे संभाजीराजांच्या काळात पूर्ण झालं. तटाचे मोठमोठे दगड चुना न भरता नुसते एकावर एक बसवलेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. १७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून चालून आले होते आणि हात हलवत परत गेले. आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, १७५९मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, आणि समुद्राकडे तोंड करून चाकांच्या गाड्यावर दोन विलायती तोफा. त्यांच्यावर १८४९ साल आहे. म्हणजे आंग्र्यांचं राज्य संपल्यानंतरच्या! तरी पब्लिक त्यांना मिठी मारून ‘मराठ्यांची तोफ’ म्हणून फोटो काढत होतं.

२०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यात जवळचा खांदेरी आहे, कुलाबा नाही. नवऱ्याला हे अजून पचलेलं नाही. तटावर बसून त्याने यावर मला वीस मिनिटं ऐकवलं. याच किल्ल्याच्या नावाने अख्खा जिल्हा होता. १९८१मध्ये त्याचा रायगड झाला. आजोबा तरी शेवटपर्यंत पत्रावर ‘जि. कुलाबा’ लिहायचे, आणि काही पत्रं म्हणे मुंबईच्या कुलाब्याला फिरून यायची. बोलता बोलता त्याने टोपी काढली होती, हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

टोपी नसल्याने पुढचं झालं.

बॅगा घेऊन स्टॅण्डकडे येताना रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन एक आजी बसल्या होत्या. अलिबागचा हा कांदा गोडसर, डोळ्यांतून पाणी न काढणारा. आता त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय, त्यामुळे भाव वधारलाय. मी टूरिस्टी आवाजात दोन माळांचा भाव विचारला. आजी माझ्याकडे बघतच नव्हत्या.

“कोनाचा रे तू?”

नवरा गप्प. मग त्याने आजोबांचं नाव सांगितलं, आळी सांगितली.

“म्हंजे विहिरीच्या घरचा! तुजी आजी दर सालाला चार माली घ्यायची माज्याकडना.” मग माझ्याकडे मोर्चा. “आनि ही सून ना? कवा आलाव? कुटं उतरलाव?”

मी हॉटेलचं नाव सांगितलं. आजींनी कपाळावर हात मारला. काय म्हणाल्या ते छापण्यासारखं नाही, पण त्यात ‘येडा’ हा शब्द होता, आणि तो नवऱ्यासाठी होता. आम्ही चार माळा घेतल्या. भाव टूरिस्टांचाच लावला. वर दोन कांदे हातावर ठेवले, “तुज्या आयेला दे” म्हणून.

मांडव्याच्या बसमध्ये बसेपर्यंत काकूंचा फोन आला होता. आजींकडून की मिनीडोरवाल्याकडून, कळलं नाही. पुढचा अर्धा तास नवरा फोनवर “हो काकू, चुकलं काकू” करत होता. आता होळीला दोन दिवस त्यांच्याकडे जायचं ठरलंय. म्हणजे मी पुन्हा भाकरीच्या संशोधनाला. समुद्र बघायचा असेल तर तो आताच बघून घ्यावा, म्हणून परतीच्या लाँचवर मी वरच्या डेकला उभी राहिले.

आधारवरचा पत्ता बदलून घे, असं सोमवारी आठवणीने सांगितलं. ऑनलाइन होतं, फार वेळ लागत नाही. तो म्हणाला, “करतो गं, घाई काय आहे?”